वारिजक्काचे बावीस सेकंद

वारिजक्काचा आवाज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल आणि तुम्ही हसला असाल. तुम्हाला एकट्यांना बोल लावून काय करू, पहिल्या दिवशी मीही हसले होते. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते, म्हणून हे सांगायला बसले आहे.

मी सुमती सालियान. उडुपीच्या दक्षिणेला तेंकुकोडी म्हणून आमचं गाव आहे, तिथल्या मासळी बाजारात मी सुकी मासळी विकते. माझ्या डाव्या हाताला वारिजक्का करकेरा बसते, तिची ताजी मासळी. सोळा वर्षं आम्ही शेजारी आहोत. बाई उंचीनं बेताची, पण हाडापेरानं दणकट. अंबाड्यात मोगऱ्याचा वळेसर रोज ताजा, मग घरात चूल पेटो न पेटो. नवरा दामोदरण्णा पूर्वी ट्रॉलरवर तांडेल होता. गुडघा गेल्यापासून घरी बसून जाळी दुरुस्त करतो. एकुलती एक मुलगी शर्मिळा कुंदापूरला शाळेत शिकवते, तिथंच दिली आहे.

वारिजक्का रागीट होती, हे मी नाकारत नाही. पण तिचा राग उगाच सांडायचा नाही. कोणी माशाचा कल्ला उचकटून लाल आहे का बघितलं तर ती काही म्हणायची नाही. कोणी भाव अर्ध्यावर पाडून मागितला तरी हसून म्हणायची, "अण्णा, एवढ्यात बांगड्याची शेपटी मिळेल, देऊ का बांधून?" पण एखाद्या म्हातारीला कोणी बर्फ कमी दिला, कोणी टोपलीला पाय लावला, की मग तिचं तोंड सुटायचं. बाजाराच्या शेडला नळ आला तो तिच्या तोंडामुळे. पावसात पत्रा गळायचा, तो बदलला तोही तिच्या तोंडामुळे. आम्ही बाकीच्या बायका माना खाली घालून मासे कापायचो आणि आमच्या वाटणीचं ती बोलायची.

हे सगळं सुरू झालं तेव्हा माझा नवरा जाऊन आठ महिने झाले होते. छातीत कळ आली आणि रिक्षात बसेपर्यंत संपलं. वर्षभर घरात बसून राहण्याची चैन आमच्यात कुणाला परवडते? मी पुन्हा बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. एका रविवारी पांढऱ्या गाडीतून येणारा एक माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला. नेहमीचं गिऱ्हाईक होतं ते, लेकीबाळी असलेला माणूस. जवळा हातात घेऊन चाळत राहिला आणि हळूच म्हणाला, "एकटी झालीस म्हणे. सुकी मासळी किती दिवस सुकी ठेवणार?"

माझ्या हातातला तराजू खाली टेकला. वर बघायचीसुद्धा हिंमत होईना.

वारिजक्का कुणाची तरी सुरमई कापत होती. तिनं ऐकलं. आधी तिनं कोयता खाली ठेवला, तो मला आजही दिसतो, ओंडक्यावर आडवा ठेवला, हात पदराला पुसले आणि उभी राहिली. मग म्हणाली, "काय रे, काय बोललास? तिला काय बोललास ते मला सांग, मोठ्यानं सांग." तो "काही नाही, काही नाही" करत उठायला लागला, तेव्हा तिनं तोंड सोडलं.

"तुझ्या तोंडाला आठ दिवस उन्हात वाळत घातलं तरी मांजर हुंगायचं नाही. आईनं जन्म दिला तुला, की जाळ्यात अडकून वर आलास? तांडेलानं बघितलं असतं तर परत पाण्यात फेकून दिलं असतं रे तुला, समुद्र नासतो म्हणून नसेल फेकलं. जा, तुझ्या बायकोला सांग बाजारात काय घ्यायला गेला होतास. नाहीतर मी येते सांगायला, घर माहीत आहे मला."

बाजार हसला. तो गाडीत बसून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. वारिजक्कानं कोयता उचलला, सुरमईचं उरलेलं डोकं तोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमती, मान वर कर. मान त्यानं खाली घालायची." एवढंच. मी घरी जाऊन खूप रडले, पण ते रडणं बरं वाटणारं होतं.

त्या दिवशी बाजारात मितेश आळ्वा नावाचा एक पोरगेलासा माणूस फिरत होता. मंगळूरचा, पंचविशीचा. गावोगावच्या खानावळी आणि बाजार फोनवर टिपून लोकांना दाखवणं हाच त्याचा धंदा. त्यानं ते टिपलं होतं.

तिसऱ्या दिवशी माझ्या कासरगोडच्या मावसबहिणीनं मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, घरी नवरा उशिरा आल्यावर. सुरुवात थेट "तुझ्या तोंडाला" पासून. वारिजक्काचा अंबाडा, हलणारं बोट, मागे कसलं तरी टुणटुण संगीत आणि "समुद्र नासतो" म्हटल्यावर लाटेचा आवाज. एकूण बावीस सेकंद. मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं. दुसऱ्यांदा बघताना कोपऱ्यात मला माझा स्वतःचा हात दिसला, तराजू धरलेला, आणि मी फोन पालथा ठेवला.

आधी वारिजक्कालाही गंमत वाटली, खोटं कशाला सांगू. बसमधल्या बायका ओळखायला लागल्या. उडुपीच्या कॉलेजातल्या पोरी येऊन फोटो काढून गेल्या, जाताना अर्धा अर्धा किलो बांगडे घेऊन गेल्या. दामोदरण्णा घरी पडल्या पडल्या फोनवर बघायचा आणि म्हणायचा, "मी पस्तीस वर्षं फुकट ऐकलं, आता जग ऐकतंय." पण महिन्याभरात त्या आवाजाला पाय फुटले. आवाज तोच, तोंड दुसऱ्याचं. नवरी नवऱ्याला वारिजक्काच्या आवाजात झापते. कोणी नापास पोराला झापतंय, कोणी कुत्र्याला, कोणी मंत्र्याच्या फोटोला. बेंगळूरच्या कुठल्या लग्नात म्हणे वराच्या आगमनाला तेच वाजवलं. ते शब्द कशासाठी होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

आणि बाजारात माणसं यायला लागली ती मासळी घ्यायला नव्हे.

"अक्का, एक शिवी द्या ना. बायकोला पाठवायचीय."

"अक्का, आमच्या मित्राचा वाढदिवस आहे, याच्या आईवरून काहीतरी बोला की."

ती पहिल्यांदा हसून टाळायची. मग म्हणायची, "बांगडे घ्या, शिवी संपली आज." यावरही ते हसायचे आणि तेही टिपायचे. मग त्यांना युक्ती सुचली. ही सांगून बोलत नाही तर हिला चिडवायचं. एकानं ताज्या मुडदुश्या नाकाला लावून ओकल्यासारखं केलं. दोघांनी भाव दहा वेळा विचारून टोपलीवर पाणी ओतलं. एका सुशिक्षित दिसणाऱ्या बाईनं मागून येऊन तिच्या अंबाड्यातला वळेसर ओढला आणि तिचा नवरा समोर फोन धरून उभा. वारिजक्का गर्रकन वळली, तोंड उघडलं, आणि समोर तो काळा काचेचा तुकडा दिसला तशी तिनं तोंड मिटलं. फुलं खाली चिखलात पडली होती. ती बाई म्हणते कशी, "पैसे घेतल्याशिवाय बोलत नाही आता. मोठी झाली ना."

मी उठले होते त्या दिवशी. वारिजक्कानं माझा पदर धरून खाली बसवलं. "बस. तू बोललीस तर तुझंही गाणं करतील."

पुढे हमरस्त्यावर एक फलक लागला. घमघम मसाले म्हणून मंगळूरची एक कंपनी आहे, तिचा. अंबाडा घातलेली, बोट रोखलेली एक मासळीवाली चितारलेली, आणि खाली, घमघम नाही आणलास तर मांजरसुद्धा हुंगायचं नाही. फोनवर त्यांची जाहिरातही फिरत होती, तिच्यात आवाज तिचाच, काटछाट करून. हिला कुणी विचारलं नाही, कळवलं नाही. शर्मिळा शिकलेली पोर; ती सुट्टी काढून त्यांच्या कचेरीत गेली. तिथला माणूस तिला थंड पाणी देऊन म्हणाला, "मॅडम, हा आवाज लाखो लोकांनी वापरलाय. तो आता सगळ्यांचा आहे. आणि उलट तुमच्या आईची प्रसिद्धीच होते ना?" शर्मिळानं हे मला बाजारात येऊन सांगितलं.

त्या पोरीचं निराळंच चाललं होतं. ती फळ्याकडे वळली की मागच्या बाकावरून कोणीतरी आईचा आवाज लावायचं. आणि तिच्या नणंदेच्या बाळाच्या बारशाला सासूनं स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या अम्माला आणू नकोस. माणसं बाळाला बघायला येणार आहेत."

एका शनिवारी ती आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मा, त्या दिवशी तुला थोडं गप्प बसता आलं नसतं का?"

वारिजक्कानं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं ती सांगेल, मी कोणासाठी बोलले होते ते. तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "पेज खाऊन आलीस का घरून? तोंड सुकलंय तुझं." सांगायला हवं होतं मीच. नाही सांगितलं.

आता पाइपाचं सांगते. बाजाराच्या मागे आमची खाडी आहे. जून-जुलैत बोटी बंद असतात, तेव्हा आम्ही बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायानं चाचपत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढतो. आमच्या आज्याही हेच करायच्या. दोन वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी एक मोठं विश्रामगृह झालं, शहरातल्या लोकांसाठी. त्यांचा सांडपाण्याचा पाइप पंचायतीच्या कागदावर दुसरीकडे जातो आणि प्रत्यक्षात खाडीत येतो. त्या पावसाळ्यात आमच्या पायांना फोड आले. माझ्या पोटऱ्या तर सोललेल्या कोळंबीसारख्या झाल्या. तिसऱ्या उघड्या तोंडानं मरून वर यायला लागल्या, आणि जिवंत होत्या त्याही कोणी घेईना.

ऑक्टोबरात गावसभा भरली. वारिजक्का बोलायला उभी राहिली. अध्यक्ष सदानंद बंगेरा, शेजारी पंचायतीचे अधिकारी, समोर शंभरेक माणसं. ती म्हणाली, "अध्यक्षांनो, तुमच्या कागदावर पाइप कुठं जातो ते मला माहीत नाही. आमच्या पायांवर बघा कुठं येतो ते." आणि तिनं साडी घोट्यावर उचलून पाय पुढे केला. पाय सुजलेला, पू वाहत होता.

मागून कोणीतरी फोनवर लावलं, "तुझ्या तोंडाला आठ दिवस उन्हात..."

सभा खो खो हसली. म्हातारे हसले, पोरं हसली, अध्यक्ष बंगेरा तोंडावर हात ठेवून हसला. वारिजक्काचा आवाज चढला, "हसता काय बाबांनो, उद्या तुमच्या विहिरीत येईल हे पाणी," आणि तिचा आवाज जसजसा चढला तसतसे फोन वर आले, वीस, तीस, चाळीस. जितकी ती चिडली तितकी त्यांची करमणूक झाली. शेवटी ती मध्येच थांबली. सभा संपल्यावर अधिकारी स्वतः चालत आले. मला वाटलं पाइपाबद्दल विचारतील. म्हणाले, "अक्का, माझी मुलगी तुमची फार मोठी चाहती आहे हो. एक फोटो होऊन जाऊ दे." आणि त्या सुजलेल्या पायांच्या बाईच्या खांद्याशी खांदा लावून त्यांनी फोटो काढला.

संध्याकाळी तोही व्हिडिओ आला. तिनं उचललेला पाय, त्यावर बाण, आणि लिहिलेलं, वारिजक्का पुन्हा आली.

त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. भाव विचारला तर बोटं दाखवायची. घरीही तेच. दामोदरण्णा मला म्हणाला, "सुमती, पस्तीस वर्षांत मी हिच्या बोलण्याला कंटाळलो नाही. आता घर खायला उठतं. काल मी मुद्दाम पेजेची वाटी सांडली, तरी काही बोलली नाही. पुसून घेतलं."

नोव्हेंबरात मितेश आळ्वा बाजारात आला. आता त्याच्याबरोबर फोन धरायला वेगळा माणूस होता. मंगळूरच्या मोठ्या हॉटेलात धंदेवाल्या लोकांपुढे तो भाषणं द्यायचा, साध्या माणसांना प्रसिद्ध कसं करावं यावर. त्याच्या ओळखीच सगळ्या तिच्या त्या बावीस सेकंदांवर उभ्या होत्या. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. वागायला वाईट नव्हता तो, हेच जास्त वाईट.

"अक्का, लोक विचारतायत, वारिजक्का गप्प का? आपण एक छान भावनिक करू. तुमचं घर, अण्णांचा गुडघा, तुमचे कष्ट. लोक रडतील."

किती आठवड्यांनी ती बोलली. "त्या दिवशी तू कुठं उभा होतास?"

"इथंच, खांबाला टेकून. का?"

"तो माणूस सुमतीला काय बोलला, ऐकलं होतंस?"

मितेशनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "हो. म्हणजे, सगळं आलंय ना त्यात. तो बसतो तिथपासून आहे माझ्याकडे. पण अक्का, तेवढा सुरुवातीचा भाग कोण बघणार? तीन सेकंदांत माणूस पकडावा लागतो, नाहीतर पुढे जातो. म्हणून कापला."

"म्हणजे तू ऐकलंस. आणि कापलंस."

"त्यात वाईट काय आहे? आणि आता ऐका ना, तेच तर म्हणतोय मी. पूर्ण व्हिडिओ आता टाकू. एका विधवेसाठी उभी राहिलेली वाघीण. आजवर हसलेले सगळे माफी मागतील. तुमचं नाव कुठल्या कुठं जाईल."

वारिजक्का माझ्याकडे वळली. "सुमती, हे तुझं आहे. तू सांग."

मला क्षणभर मोह झाला, हे कबूल करते. शर्मिळाला कळेल, तिच्या सासूला कळेल, सगळे लाजतील. पण मग डोळ्यांपुढे आलं की माझी खाली घातलेली मान उद्या सगळ्यांच्या फोनवर असेल. तिच्यावर कोणीतरी सनई लावेल. त्या माणसाचं ते वाक्य कॉलेजातली पोरं एकमेकांना म्हणतील. मी म्हटलं, "नको. माझ्या दुःखाला तुझं संगीत नको."

"अहो पण ताई, विचार तर करा..."

"ती नको म्हणाली," वारिजक्का म्हणाली. "तुझ्या फोनमधलं तू पुसशील की नाही, मला माहीत नाही. पुसलंस म्हणालास तरी मला कसं कळणार? तू आमच्या घरात कधीचाच शिरलायस. पण एक ऐक. माणूस बुडताना ओरडतो, तेव्हा त्याचा आवाज चांगला आहे म्हणून टिपत नाहीत." हे ती चढ्या आवाजात बोलली नाही. फोन धरणाऱ्या माणसानं फोन खाली घेतला होता. टिपण्यासारखं त्याला काही वाटलंच नसावं.

मितेश उठून गेला. आणि वारिजक्का बराच वेळ त्या खाली गेलेल्या फोनच्या जागेकडे बघत बसली. मग म्हणाली, "सुमती, पुढची सभा कधी आहे ग?"

पुढची सभा डिसेंबरात होती. त्याआधी दहा दिवस ती दुपारी बाजार आवरून घरोघर गेली. प्रत्येक बाईला एवढंच सांगितलं, "सभेला ये. फोन घरी ठेवून ये." आम्ही त्रेचाळीस जणी गेलो. कोणी काही विचारलं नाही, तिनं इतक्या वर्षांत आम्हाला उगाच कुठं बोलावलं नव्हतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे गेली, एक झाकणाचा स्टीलचा तांब्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. लगेच फोन वर आले. ती म्हणाली, "जोवर एकही फोन वर आहे, तोवर मी बोलणार नाही." आणि खरोखरच गप्प उभी राहिली.

लोक हसले. मागून पुन्हा तोच आवाज लावला गेला. ती उभीच. अध्यक्ष म्हणाले, "बोला, बोला अक्का, वेळ जातोय." ती उभीच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हसणं हळूहळू विरलं. एकच विनोद किती वेळ हसणार? कोणी म्हणालं, "चला, पुढचा विषय घ्या." तेव्हा आमच्यातल्या अकरा जणी दारात जाऊन बसल्या आणि बाकीच्या टेबलाभोवती. कोणी घोषणा दिली नाही. अधिकाऱ्यांना जेवायला जायचं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं, तिथं बेबी पुत्रन बसली होती, तिला ओलांडून जाणं सोपं नाही.

अर्ध्या तासानं ताडी काढणारे म्हातारे मुद्दुअण्णा उठले. त्यांनी आपला बटणांचा जुना फोन खिशातून काढून बंद केला. त्याच्यावर काही टिपता येत नव्हतंच. मग नातवाच्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणाले, "बाई उभी आहे. पायाला जखमा आहेत तिच्या." मग एकेक करून फोन खाली गेले. शेवटचा फोन गेला तो पंचायतीच्या एका सदस्याचा, त्याच्याकडे सगळे वळून बघायला लागले तेव्हा.

मग ती बोलली. इतका खालचा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, आणि इतका राग मी कुणाच्याच आवाजात ऐकला नव्हता. पाइप कधी टाकला, कोणत्या दिवशी पाणी काळं झालं, कोणाच्या पायाला कधी फोड आले, नावासकट. नाव घेतलं की ती बाई उभी राहायची आणि साडी घोट्यावर उचलायची. मीही उचलली. कोणी हसलं नाही.

शेवटी तिनं तांब्याचं झाकण काढलं. वास सगळ्यांपर्यंत गेला. तांब्या अध्यक्षांपुढे सरकवून ती म्हणाली, "खाडीचं पाणी आहे. हात धुवा."

बंगेरा हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अहो अक्का, हे काय..."

"प्यायला सांगत नाही. आम्ही त्यात कमरेपर्यंत उभ्या राहतो. तुम्ही नुसते हात धुवा."

बंगेरांनी हात टेबलाखाली घेतले. तिनं अधिकाऱ्यांकडे तांब्या सरकवला. त्यांनीही हात मागे घेतले. मग ती इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाकडे वळली. "लिही. अध्यक्षांनी हात धुतले नाहीत. अधिकाऱ्यांनी हात धुतले नाहीत."

"असं लिहिता येत नाही अक्का."

"खोटं असेल तर नको लिहू. खोटं आहे का?"

कारकून अध्यक्षांकडे बघायला लागला. आम्ही त्रेचाळीस जणी कारकुनाकडे. त्यानं लिहिलं. वारिजक्काला वाचता येतं, तिनं वाचून घेतलं आणि खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे.

ती दोन वाक्यं कागदावर चढल्यामुळे पुढचं सगळं झालं. शर्मिळानं त्या पानाची नक्कल मागितली, ती जिल्ह्याच्या कचेरीत दिली. जानेवारीत तिथून दोन माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली, आणि महिनाअखेर पाइपाच्या तोंडावर सिमेंट पडलं. विश्रामगृह अजून चालूच आहे. त्यांची घाण आता टँकरनं जाते, कुठं जाते देव जाणे. खाडी साफ व्हायला दोन पावसाळे लागतील म्हणतात.

त्या सभेचा एकही व्हिडिओ नाही. म्हणून तेंकुकोडीबाहेर कुणाला ते घडलंसुद्धा ठाऊक नाही. वारिजक्का म्हणजे जगाला तेच बावीस सेकंद. हमरस्त्यावरचा फलक उतरला, पण भाड्याची मुदत संपली म्हणून, लाज वाटून नव्हे. शर्मिळाला मी सगळं सांगितलं, त्या रविवारचं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या पोटऱ्यांना मलम लावत राहिली. तिच्या सासूनं मात्र अजून वारिजक्काला घरी बोलावलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पहाट उजाडल्यावर आम्ही बंदरावर लिलावाला गेलो होतो. तिथल्या दलालानं एका म्हाताऱ्या मासळीवालीच्या पेटीत वर ताजे आणि खाली शिळे बांगडे भरलेले आम्ही दोघींनी बघितले. वारिजक्का पुढे झाली, तोंड उघडलं. ताबडतोब तीन फोन वर आले. तिचा चेहरा आता सगळीकडेच ओळखीचा आहे. ती थांबली. मग दलालाच्या अगदी जवळ गेली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलली. पाच-सहा शब्द असतील. त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं पेटी उपडी करून बदलून दिली.

वाटेत मी विचारलं, "काय बोललीस ग त्याला?"

"ते त्याच्यासाठी होतं," ती म्हणाली.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते कौतुकानं माना हलवतात, म्हणतात बाईनं बरी युक्ती काढली. मला त्यात कौतुक वाटत नाही. एवढ्या आवाजाच्या बाईला आता कुजबुजावं लागतं, याची मला चीड येते, आणि ती शमेल असं मला वाटत नाही.